गाडीचं रफू

पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा सुटला आणि टण्णकन आवाज आला तेव्हा मला आधी वाटलं काचेला लागला, म्हणून मी काचच बघत राहिले, काच ठीक होती, मग बाजूला बसलेली आई म्हणाली अगं बॉनेटला लागलाय, मी बघितला. घरी पोचल्यावर मी इंजिन बंद करायच्या आधीच ती उतरून पुढे वाकून बघत होती. बॉनेटच्या कडेपासून चार बोटं वर, तिळापेक्षा जरासा मोठा टवका. कडेने पांढरट, आत करडा, आणि मधोमध सुईच्या टोकाएवढा चकाकणारा ठिपका. तो ठिपका म्हणजे पत्रा.

टवक्यांबद्दल बोलायला लागलं की लोक एकतर म्हणतात "एवढ्याशाने काय होतंय" नाहीतर म्हणतात "अख्खं बॉनेट रंगवून घे ना", आणि या दोन्हीच्या मधे जी बरीच मोठी जागा आहे तिथे मी आणि आई गेली काही वर्षं रविवारी सकाळी बसलेलो असतो. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं.

आधी रंगाचं सांगते, कारण हे कळल्यापासून माझी गाडीकडे बघायची नजरच बदलली. आपल्याला एक लाल गाडी किंवा एक निळी गाडी दिसते, पण तो एक रंग नसतो, थरावर थर असतात. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने पहिला थर चढवतात, गंजापासून वाचवणारा. बहुतेक गाड्यांना त्यावर प्रायमर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, ज्याने चकाकी येते आणि खालचा रंग उन्हापासून वाचतो. हे सगळं मिळून जाडी किती, तर साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला तर दोन केसांएवढी. आणि त्यातला खरा रंग तर बहुतेक वेळा १५-२० मायक्रॉनच, म्हणजे केसाचा पाव हिस्सा. एवढ्याशा पापुद्र्यावर गाडी पंधरा-वीस वर्षं ऊन-पाऊस काढते याचं मला अजून नवल वाटतं.

त्यामुळे टवक्यात काय दिसतंय ते नीट बघायचं, त्यावरून तो किती खोल गेलाय ते कळतं. आत गाडीचाच रंग दिसत असेल आणि फक्त कडा पांढरट असतील तर वरचा पारदर्शक थरच उडालाय, घाई नाही. करडा किंवा फिकट मातकट दिसला तर प्रायमरपर्यंत गेलाय, तरी पत्रा अजून झाकलेला आहे. चकाकी दिसली तर पत्रा उघडा पडलाय. आणि तपकिरी दिसलं तर पाणी आपल्या आधी पोचलंय. बंपर बहुतेक प्लास्टिकचा असतो, त्याला गंज नाही, तिथला टवका म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न, आणि ज्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं तिथे तपकिरी गंज येत नाही पण रंगाखाली पांढरी भुकटी धरते, तीही रंग उचलतेच. आपलं बॉनेट कशाचं आहे हे बघायला साधं लोहचुंबक पुरतं, पण खाली फडकं धरून लावा, नाहीतर बघता बघता नवा ओरखडा पाडाल.

खड्याचं एक आहे. आपल्याला वाटतं खडा येऊन आपटला, पण बऱ्याचदा तो हवेत जवळजवळ जागच्या जागी असतो आणि आपणच जाऊन त्याच्यावर आपटतो. आणि ती धडक वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५० च्या ऐवजी १०० च्या स्पीडने त्याच खड्याला भिडलो तर मार दुप्पट नाही, चौपट. ट्रकच्या मागे चिकटून चालवणं तेव्हापासून मी सोडलं. अंतर ठेवलं की खडा आपल्यापर्यंत येईपर्यंत खाली तरी पडतो.

आता गंज. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन, एवढं एकत्र आलं की काम सुरू होतं, आणि मीठ असलं, समुद्राजवळची हवा किंवा बर्फासाठी मीठ टाकलेले रस्ते, तर वेग वाढतो. पण खरा त्रास पुढे आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे तो टवक्यात गप्प बसत नाही, कडेच्या रंगाखाली शिरतो आणि त्याला खालून उचलतो, फुगवटा येतो, मग पोपडा सुटतो, मग आणखी पत्रा उघडा, मग आणखी पाणी. तिळाएवढ्या टवक्याचं बोटाएवढं होतं ते असं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे एका रात्रीत काही होत नाही, घाबरून जायचं कारण नाही. पण खड्याने तो मुलामाही खरवडलेला असू शकतो, म्हणून पत्रा दिसत असेल तर महिनोन् महिने पुढे ढकलू नये असं माझं ठाम मत आहे.

मी पहिला टवका भरला तेव्हा यातलं काहीच माहिती नव्हतं. टचअपची, म्हणजे टवके भरायच्या रंगाची छोटी बाटली आणली, झाकणालाच ब्रश असतो, तो बुडवला आणि टवक्यावर टेकवला, एक भला मोठा थेंब बसला, टवक्याच्या बाहेरपर्यंत. वाळल्यावर तिथे पुटकुळी. मग ती सपाट करायला मी पॉलिश पेपर घेतला, घासत बसले, पुटकुळी खाली आली पण आजूबाजूचा क्लिअर कोटही गेला, कारण क्लिअर कोटच मुळात ४०-५० मायक्रॉनचा, पेपरला त्याचं काय. टवका होता तिळाएवढा, माझ्या घासण्याने रुपयाएवढा मंद डाग झाला, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. खूप वाईट वाटलं होतं. ती गाडी विकेपर्यंत प्रत्येक वेळी पुसताना हात तिथे अडायचा.

आईने तो डाग बघितला आणि एकच विचारलं, "अगं, एवढ्याशा भोकाला एवढा मोठा ब्रश कशाला? सुईने घालायचं की."

आई रफू करते. आता कमी झालंय, पण माझ्या लहानपणी बाबांचा कोट, माझे स्वेटर, शेजारपाजारच्यांचे कपडे, सगळं तिच्याकडे यायचं. रफू करणाऱ्या माणसाची एक सवय असते, तो दुकानातून धागा आणायच्या आधी कपडा उलटा करतो आणि आतल्या शिवणीत, दुमडीत, जिथे दिसणार नाही तिथून त्याच कापडाचा धागा काढतो. कारण नवा धागा रंगाने कितीही जुळला तरी तो धुतलेला नसतो, उन्हात वाळलेला नसतो. हे मी शंभरदा बघितलं होतं आणि गाडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

गाडीला कलर कोड असतो, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर, काहींना डिकीत. टचअपची बाटली त्या कोडनेच घ्यायची, नुसतं "सिल्व्हर" किंवा "पांढरा" म्हणून घेतली तर फसाल, पांढरेसुद्धा कितीतरी असतात. पण कोड सांगतो तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग. आपली गाडी त्यानंतर काही वर्षं उन्हात उभी आहे. शिवाय एकाच कोडच्या दोन गाड्यांमधेही उन्नीस-बीस असतं. गाडीचा धागा आतून काढता येत नाही, म्हणून आई काय करते, बाटली जोरजोरात हलवून (एक मिनिट तरी, रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं) पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर एक थेंब पसरते, वाळू देते, आणि मग तो तुकडा टवक्याशेजारी धरून उजेडात बघते, सावलीत बघते, बाजूने बघते. ओल्या रंगावरून ठरवायचं नाही, वाळल्यावर आणि वर क्लिअर आल्यावर छटा बदलते. बऱ्याचदा जुळतो. नाही जुळला पण जवळपास असला तरी ती भरतेच, तिचं म्हणणं भोक राहण्यापेक्षा ठिगळ बरं.

मेटॅलिक रंगात मात्र एक अडचण आहे जी कोणालाच घरी सोडवता येत नाही, ती आधीच मान्य करून टाकलेली बरी. त्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात, स्प्रेने मारताना ते बरेचसे आडवे, एका पातळीत बसतात आणि उजेड एकसारखा परत फेकतात. आपण टोकाने थेंब ठेवतो तेव्हा ते वाटेल तसे उभे-आडवे राहतात, त्यामुळे एका बाजूने बघितलं तर ठिपका जुळतो आणि दुसऱ्या बाजूने काळपट दिसतो. पर्ल रंगांना तर बेस वेगळा, मोत्यासारखा मधला थर वेगळा, त्यामुळे बाटल्याही एकाच्या जागी दोन, आणि वर क्लिअर. एका रंगाची साधी लाल किंवा पांढरी गाडी असेल तर तुम्ही नशीबवान आहात.

तर या वेळच्या टवक्याचं. आधी बॉनेट शाम्पूने धुतलं, वाळवलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने टवका आणि आजूबाजूचं वीतभर पुसलं. ही पायरी लोक सोडतात. गाडीवर वॅक्स असतं, पॉलिशमधलं सिलिकॉन असतं, डोळ्याला दिसत नाही, पण त्यावर रंग ठेवला की रंग मागे सरकतो, मधे खड्डा पडतो, धरत नाही. मग आईने चाळिशीचा चष्मा लावला, वर भिंग घेतलं, आणि सुईच्या टोकाने टवक्याची कड चाचपत गेली. जिथे कड सैल होती, सुई खाली जात होती, तेवढा पापुद्रा तिने काढून टाकला. टवका थोडा मोठा झाला. मला आधी हे बघवायचं नाही, पण सैल कडेवर रंग भरला तर तो त्या कडेसकट निघतो. ती म्हणते विरलेलं कापड कापल्याशिवाय रफू धरत नाही.

गंज नव्हता. असता तर पेन्सिलीच्या टोकाला पॉलिश पेपरचा कपटा चिकटवून तेवढाच भाग घासून चकचकीत केला असता, आणि खाचेत काही राहिलं तर रस्ट कन्व्हर्टरचा थेंब, त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते उरलेल्या गंजाला काळपट, टिकाऊ थरात बदलतं. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्यायचं. गंजावर सरळ रंग ठेवणं म्हणजे आत काम चालू ठेवून वरून दार लावणं, बाहेर येणारच तो.

पत्रा उघडा होता म्हणून प्रायमर, टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच, फक्त तळाला. मग रंग. इथे आईचा हात बघण्यासारखा असतो. ती टवक्याच्या मधोमध थेंब टेकवते आणि हात उचलते, बस. पसरवत नाही. थेंब स्वतःच कडेकडे सरकतो आणि कडेला चिकटून थांबतो, पातळ रंग अशा खड्ड्यात आपोआप कड शोधतो, ब्रशने ढकललं तरच तो बाहेर येतो. पहिला हात दिल्यावर टवका भरलाच नाहीये असं वाटतं. बरोबर आहे, बाटलीतल्या रंगात बराचसा भाग थिनरचा असतो, तो उडून गेला की रंग आक्रसतो, खाली बसतो. म्हणून एकच जाड हात कधीच नाही, चार-पाच पातळ हात. जाड थेंबाची वरची साय आधी वाळते, आत थिनर अडकतं, नंतर बुडबुडे किंवा सुरकुती. उन्हात तापलेल्या बॉनेटवर हेच होतं. आणि हवा फार दमट असली तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग दुधाळ दिसतो. सावली, कोरडी हवा, ना फार थंडी ना ऊन. गॅरेजमधे करत असाल तर दार उघडं ठेवा, थिनरचा वास डोक्यात जातो आणि तो पेटतोही.

दोन हातांच्या मधे तास-दीड तास, आणि घाई नसेल तर आई सरळ दुसऱ्या दिवसावर टाकते. या वाट बघण्यात मला एक गोष्ट आवडते. शंभर वर्षांपूर्वी गाड्या अशाच रंगवायचे, हाताने, व्हार्निशच्या थरावर थर, आणि वाळायला आठवडे लागायचे. मग ड्यूपाँट या रसायनांच्या कंपनीने ड्यूको नावाचं भराभर वाळणारं लॅकर काढलं, १९२४ सालच्या निळ्या ओकलंड गाड्यांवर ते आलं, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आता तर कारखान्यात गाडी भट्टीतून जाते, १४० अंशांच्या आसपास भाजलेला रंग असतो तो. आपला बाटलीतला थेंब हवेवर वाळतो, त्यामुळे तो तेवढा कडक कधीच होत नाही. पण टवका भरायला बसलं की काम पुन्हा हातावर आणि आठवड्यांवर येतं, भट्टीतून आलेल्या गाडीचंसुद्धा.

रंग कडेच्या किंचित खाली आला की थांबायचं आणि वर क्लिअरचा थेंब. घरी दोन भागांचा स्प्रे क्लिअर आणू नका, त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट, आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. ठिपक्याला बाटलीतला साधा क्लिअर बास होतो. नेलपॉलिशचा सल्लाही बरेच जण देतात. ते नखांसाठी बनवलेलं असतं, पुसून काढता यावं म्हणून बनवलेलं असतं, ऊन-पाऊस आणि खडे झेलायला नाही. टवक्याभोवती मास्किंग टेपही लावू नका, टेप काढली की तिच्या कडेला बांध उभा राहतो.

मग घासायचं का? यावर माझं आणि आईचं अजून पटत नाही. पद्धत म्हणजे आठवडाभर तरी थांबायचं, मग २००० नंबरचा पेपर, मग ३००० चा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून, फक्त उंचवट्यावरच, आणि शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी परत आणणारी पेस्ट. नीट जमलं तर ठिपका शोधावा लागतो. मला ते करायचं असतं, मला तिथून बोट फिरवल्यावर काहीच लागू नये असं वाटतं. आई म्हणते "कोणाला दाखवायचंय तुला?" तिचा मुद्दा असा की पाणी आत जाणं थांबलं तिथे काम झालं, त्यापुढे जे घासायचं ते चांगल्या भागातून कमी होतं. आणि आधीच्या गाडीवरचा तो रुपयाएवढा डाग आठवला की मला तिचं पटतं. गेल्या दोन वर्षांत मी फक्त एकदा घासलंय, तेही दाराच्या मधोमध, जिथे उंचवटा उजेडात अगदीच दिसत होता. बाकी ठिपके किंचित वर नाहीतर किंचित खाली आहेत. बोटाला लागतात. दोन पावलं मागे गेलं की मला स्वतःला सापडत नाहीत.

यातले निम्मे ठिपके ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला आहेत आणि ते आईचे आहेत. ती ५६ व्या वर्षी गाडी शिकली. आमच्या पार्किंगमधे बाजूला खांब आहे, ती उतरताना दार उघडायची आणि कड खांबाला लागायची, दर वेळी हलकंसं टक्क. दाराच्या कडेचा रंग पटकन उडतो त्याला कारण आहे, ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ बसतो. एवढ्याशा धक्क्याने पत्रा दिसायला लागतो. तिला त्याचं इतकं वाईट वाटायचं की मधे दोन महिने तिने गाडीला हातच लावला नाही. विचारलं तर म्हणायची पाठ दुखते. मग मी एक दिवस बाटली, सुई, अल्कोहोल, सगळं तिच्यासमोर नेऊन ठेवलं आणि म्हटलं आई, हे तुझं काम आहे, मला जमत नाही. खरंच जमत नव्हतं. ती स्टूल टाकून दारासमोर बसली, सहा टवके, तीन रविवार. चौथ्या रविवारी तिने किल्ली मागितली. खांबाला आम्ही नंतर फोम लावला, पण तरी अधूनमधून लागतं, आणि आता ती काही बोलत नाही, आत जाते, डबा घेऊन येते.

सगळं घरी करावं असंही नाही. पत्र्याला पोचा असेल, घडी पडली असेल, रंगाखाली फुगे आले असतील तर ते सुईचं काम नाही. बंपरमागे रडार सेन्सर असलेल्या गाड्यांना तिथे थरावर थर चढवू नये, रडारला जाड रंग चालत नाही. आणि टवका नखाएवढा झाला की थेंबाने भरलेला दिसतोच, ते पेंटरकडे.

बॉनेटवरच्या या टवक्याला शुक्रवारी प्रायमर आणि पहिला हात, काल दुसरा. आज सकाळी आठला आईने तिसरा दिला, भिंग बाजूला ठेवलं आणि बाटलीचं तोंड पुसून झाकण लावलं. आम्हाला दहाला मावशीकडे जायचं होतं. मी किल्ली घेऊन खाली आले तर आई बॉनेटसमोरच उभी, साडी नेसून, पर्स खांद्याला, वर बघतेय. ढग होते. "गाडी नुसती उभी राहिली असती तर चाललं असतं," ती म्हणाली, "पण रस्त्यावर धूळ आहे गं, आणि वरून हे." मग तिने किल्ली माझ्या हातातून घेतली, पर्समधे टाकली, आणि आम्ही बसस्टॉपकडे चालायला लागलो.